रिव्हॉल्व्हरचा जन्मदाखला

अमेरिकेत जुनी रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. पोलिसांनी वापरून निकालात काढलेली आणि कारागिराकडून मुद्दाम बदलून घेतलेली, या दोन प्रकारांना तिथे खास मागणी असते. कुणी टपाल तिकिटे जमवतो, कुणी नाणी, कुणी हे. निव्वळ छंद म्हणून त्याला नावे ठेवण्यात आम्हाला रस नाही. मात्र हे संग्राहक जेव्हा छाती फुगवून सांगतात की आम्ही लोखंड नव्हे, इतिहास जपतो, तेव्हा आमच्यासारख्यांना विचारावेच लागते: कुणाचा इतिहास? आणि त्यातली कुठली पाने फाडून?

तुम्हाला अमेरिकेतल्या बंदुकांशी काय देणेघेणे, असे विचारणारे आपल्यातही निघतील. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाविषयी विचारणा केली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच तिकडून आले. तिकडच्या पोलिसाच्या कमरेला काय लटकते, हा आपल्यासाठी परका विषय नाही.

आधी थोडी माहिती. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी न्यूयॉर्क शहराच्या पोलीस मंडळावर होते. १८९६ मध्ये त्यांनी सगळ्या शिपायांसाठी कोल्ट कंपनीचे .३२ चे एकाच बनावटीचे रिव्हॉल्व्हर ठरवले. तोवर ज्याला जे मिळेल ते तो बाळगायचा. १८९९ मध्ये स्मिथ अँड वेसनचे .३८ आले. ‘मिलिटरी अँड पोलीस’ हे त्याचे नाव, पुढे ते ‘मॉडेल १०’ म्हणून ओळखले गेले आणि ६० लाखांहून अधिक विकले गेले. विसाव्या शतकातल्या अमेरिकन पोलिसाचे चित्र डोळ्यांसमोर आणा, त्याच्या कमरेला बहुधा हेच असेल. न्यूयॉर्कच्या पोलिसांना १९९३ मध्ये नऊ मिलिमीटरची पिस्तुले घेण्याची मुभा मिळाली आणि जुनी रिव्हॉल्व्हर हळूहळू बाजूला पडली. देशभर हेच झाले. पोलीस खाती जुनी हत्यारे व्यापाऱ्याला देतात आणि नव्यांच्या बिलातून तेवढी रक्कम वजा करून घेतात. आपण जुना फ्रिज देऊन नवा घेतो, तसा हा व्यवहार.

या व्यवहारातून बाहेर पडलेली सगळीच हत्यारे काचेच्या कपाटात जात नाहीत. अमेरिकेतल्या पत्रकारांनी २०२४ मध्ये उघड केले की २००६ पासूनच्या काळात पोलिसांकडची ५२ हजारांहून अधिक हत्यारे गुन्ह्यांच्या तपासात पुन्हा सापडली. कायद्याच्या रक्षणासाठी जनतेच्या पैशातून घेतलेली बंदूक फिरून त्याच जनतेच्या वस्तीत आली. वस्ती कुणाची, ते सांगायची गरज नसावी.

आता बदलून घेतलेल्या रिव्हॉल्व्हरकडे येऊ. यातले सर्वांत नावाजलेले म्हणजे ‘फिट्झ स्पेशल’. कोल्ट कंपनीतल्या जॉन हेन्री फिट्झगेराल्ड यांनी ते तयार केले. नळी कापून दोन इंचांची केली. खिशात अडकू नये म्हणून घोड्याचे वरचे टोक उडवले. बोट झटकन जावे म्हणून चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग कापून टाकला. मूठ घासून गोल केली. आज एखादे अस्सल ‘फिट्झ’ सापडले की संग्राहक हरखून जातात. कारागिरी खरीच आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण यातला प्रत्येक काप एकाच गोष्टीसाठी आहे: हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसावर अर्धा क्षण आधी गोळी झाडता यावी. लोहाराच्या हाताचे कौतुक करताना एवढे ध्यानात ठेवायला काय हरकत आहे?

या छंदात सर्वांत जास्त मान असतो कागदाला. रिव्हॉल्व्हरवर क्रमांक कोरलेला असतो. तो कळवून पैसे भरले की कंपनीच्या जुन्या दप्तरातून पत्र मिळते. हे हत्यार अमुक तारखेला कारखान्यातून निघाले, अमुक व्यापाऱ्याकडे किंवा अमुक शहराच्या पोलीस खात्याकडे गेले, असे त्यात लिहिलेले असते. हे पत्र असले की किंमत चढते. पोलीस खात्याचा शिक्का असला की आणखी चढते. म्हणजे रिव्हॉल्व्हरला जन्मदाखला आहे. त्याने पुढे आयुष्यभर काय केले, याची नोंद मात्र कुणी मागत नाही.

३ ऑक्टोबर १९७४ च्या रात्री मेम्फिस शहरात एका घरात कुणीतरी शिरल्याची तक्रार आली. मागच्या अंगणातून एडवर्ड गार्नर पळाला आणि तारेच्या कुंपणाशी थांबला. आठवीत शिकणारा, १५ वर्षांचा, किरकोळ अंगाचा कृष्णवर्णीय मुलगा. पोलिसाने विजेरीच्या उजेडात त्याचा चेहरा आणि हात पाहिले. हत्यार दिसले नाही, तसे त्याने नंतर सांगितलेही. मुलगा कुंपणावर चढू लागला तेव्हा त्याने .३८ मधून गोळी झाडली, ती डोक्यात मागून लागली. मुलाजवळ एक पर्स आणि दहा डॉलर निघाले. गोळी झाडणारा पोलीसही कृष्णवर्णीय होता, म्हणून ‘एक वाईट माणूस’ म्हणून हात झटकता येत नाहीत. टेनेसी राज्याचा कायदाच पळणाऱ्या संशयितावर गोळी झाडायला मोकळीक देत होता. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी मोकळीक घटनाबाह्य ठरवली. बापाने मुलासाठी दहा वर्षे कोर्ट लढवले, तेव्हा हा निकाल आला.

आता दुसरे रिव्हॉल्व्हर पाहा. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ मध्ये बिली द किड या दरोडेखोराला ज्या कोल्टने मारले, ते २०२१ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरांवर गेले. तिथे मेलेल्या माणसाचे नाव हीच किंमत होती. बिलीच्या मरणाची तारीख, वेळ, खोली, सगळे कागदोपत्री जपलेले. म्हणजे हत्याराने कुणाला मारले याची नोंद ठेवता येत नाही, हे म्हणणे खरे नाही. ज्याच्या मरणातून दंतकथा होते त्याची नोंद ठेवली जाते. कुंपणावर चढलेल्या पोराची ठेवली जात नाही.

संग्राहक म्हणतात, बंदूक निर्जीव आहे, दोष माणसाचा. ठीक. मग त्याच निर्जीव वस्तूला ‘शूर पोलिसाच्या हातातली’ म्हणून जास्त भाव का? शौर्य लोखंडाला चिकटते आणि रक्त तेवढे पुसून जाते, ही सोय आम्हाला मान्य नाही.

शिवाय हे हत्यार वारशाने कुणाच्या घरी असू शकते, हाही प्रश्न आहेच. मिसिसिपी राज्याने १८६५ मध्ये, गुलामगिरी संपता संपता, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर १९५६ मध्ये बॉम्ब टाकला गेला, त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला, तोही नाकारला गेला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले तेव्हा कॅलिफोर्नियाने लगेच कायदा कडक केला. आजोबांचे रिव्हॉल्व्हर दिवाणखान्यात मांडायला आजोबांना ते बाळगू दिलेले असावे लागते.

आपल्याकडेही वेगळे नव्हते. १८७८ च्या शस्त्र कायद्यात युरोपियनांना सूट होती, बाकीच्यांना परवाना. परवाना मिळायचा तो सरकारच्या मर्जीतल्या जमीनदार-संस्थानिकांना. २०१९ मध्ये कायदा बदलताना मूळ विधेयकात माणशी एकच हत्यार होते. वारशाच्या बंदुकांचा प्रश्न आला आणि एकाची दोन झाली. दोन एकर वारशात न मिळालेल्यांना या चर्चेत कुणी विचारले नाही. आणि ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांनी १० जणांना मारले, त्या बंदुकांचे क्रमांक कुठल्या संग्रहालयाच्या पाटीवर लिहिणार?

आमची मागणी संग्रह जाळा अशी नाही. पोलीस खात्याने, अमेरिकेतल्या असो वा इथल्या, हत्यार विकण्यापूर्वी किंवा संग्रहालयात मांडण्यापूर्वी त्या क्रमांकाचे हत्यार केव्हा झाडले गेले, कुणाला लागले, चौकशीत काय ठरले, हे कारखान्याच्या पत्राला जोडावे. खर्च विकणाऱ्याने करावा. दप्तरात नोंदच नसेल तर ते हत्यार बाजारात न जाता भट्टीत जावे. आणि संग्राहकांनी असा कागद स्वतः मागायला सुरुवात करावी. कारखान्याच्या पत्रासाठी ते आजही पैसे मोजतात आणि वाट पाहतात, तेव्हा दुसऱ्या पत्रासाठी थांबणे त्यांना जड जाऊ नये.