आमच्या लेकरांचे कान कोण तपासणार?

गेल्या वर्षी वस्तीतली एक माय आपल्या दुसरीतल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. गुरुजींनी भर वर्गात सांगितले होते, "मठ्ठ आहे ही. यांच्यात असंच असतं." आम्ही मुलीला सरकारी दवाखान्यात नेले. तिसऱ्या खेपेला तपासणी झाली. मुलगी मठ्ठ नव्हती, तिला जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती निभावून नेत होती. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की तिची शाळा तिथेच संपायची. सात वर्षे दोष कानात होता आणि दोषी ठरली जात!

शहरातल्या मोठ्या खाजगी इस्पितळात बाळंतीण घरी जाण्याआधी बाळाच्या कानाची ओएई तपासणी होते. बाळ झोपलेले असावे, एवढीच अट. काही मिनिटांचे काम, दुखत नाही, खुपत नाही. शंका आली तर पुढे बेरा तपासणी. महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, हा जगभर मानलेला दंडक आहे. कारण मेंदू भाषा पकडतो तो पहिल्या काही वर्षांतच. केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लियर इम्प्लांट मिळते ते वयाच्या 5 वर्षांपर्यंत. म्हणजे ज्याचे बहिरेपण पहिलीच्या वर्गात उघड होते, त्याच्यासाठी ते दार आधीच बंद झालेले असते. मग उशीर कोणाच्या लेकरांना होतो, हे वेगळे सांगायला हवे का?

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्यात ऐकण्याचा दोष शोधणे आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 25 तर प्रत्येक मुलाची वर्षातून किमान एकदा तपासणी करायला सांगते. किमान एकदा! आमच्या मुलीच्या वाट्याला सात वर्षांत एकदाही आली नाही.

त्याऐवजी काय येते? पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे शिबिर. सगळ्यांना एकाच मापाचे यंत्र, हार, फोटो. कानातला साचा मूल वाढेल तसा बदलावा लागतो, सेल संपतात, बोलायला शिकवणारा तज्ज्ञ वर्षानुवर्षे लागतो, यातले शिबिरवाल्यांना काही ठाऊक नसते. महिनाभरात यंत्र फडताळात जाते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मतः बहिऱ्याला वारसाहक्कातून बाद केले आहे आणि त्याला अन्नवस्त्र तेवढे द्यावे असे म्हटले आहे. वाटा नाही, भीक घ्या! बाबासाहेबांनी 1927 साली महाडला जाळली ती हीच मनुस्मृती. 1956 च्या वारसा कायद्याच्या कलम 28 ने व्यंगावरून वारसा नाकारायला बंदी आहे. तरीही शिबिराच्या मंडपात मनू अजून हार घालून बसलेला दिसतो.

आणि आता आपल्या लोकांशी थोडे कडू बोलतो. कान वाहतोय म्हणून तेल ओतणारे, "याचा बापही उशिराच बोलला" म्हणून चार वर्षे थांबणारे, देवऋष्याचा दोरा बांधणारे आपल्याच वस्तीत आहेत, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असताना. वाहणारा कान हा आजार आहे, वेळेत औषध केले तर ऐकणे वाचते. जिथे यंत्राचा उपयोग नाही तिथे सांकेतिक भाषा आहे. ती पूर्ण भाषा आहे, तिची लाज कसली?

मुलीला आता यंत्र मिळाले आहे. ती पहिल्या बाकावर बसते. तिला एक भाऊ झाला आहे, आज आठ महिन्यांचा. बहिणीला दोष असल्याने त्याची तपासणी तातडीने व्हायला हवी, म्हणून तो दोन महिन्यांचा असताना आम्ही लेखी अर्ज दिला. पोच आमच्याकडे आहे. तारीख अजून मिळालेली नाही.

जय भीम!