यंत्र थांबले तरी बोलणे थांबू नये

आता अनेक शाळांत प्रोजेक्टर आले आहेत. विद्यार्थी पडद्यावर चित्रे दाखवून आपला विषय मांडतात. ही चांगली गोष्ट आहे. पण कधी ऐन वेळी वीज जाते, कधी संगणक बंद पडतो. मग बोलणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. असे का व्हावे?

यंत्र कोणाचेही बिघडू शकते. २० एप्रिल १९९८ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात बिल गेट्स यांची कंपनी आपली नवी 'विंडोज ९८' प्रणाली लोकांना दाखवत होती. गेट्स यांच्या सहकाऱ्याने संगणकाला स्कॅनर जोडला आणि पडदा एकदम निळा झाला. संगणक अडला होता! सभागृहात हशा पिकला. गेट्स चिडले नाहीत. म्हणूनच तर ही प्रणाली आम्ही अजून बाजारात आणली नाही, असे ते हसत म्हणाले.

यंत्र आधी तपासून घ्यावे, हे खरेच. पण माझ्या मते तेवढे पुरेसे नाही. मुख्य मुद्दे कागदावर लिहून जवळ ठेवावेत. बिघाड दोन मिनिटांत दुरुस्त झाला नाही, तर यंत्राचा नाद सोडून श्रोत्यांकडे वळावे. जलचक्राचे चित्र खडूने फळ्यावरही काढता येते. पडद्यावाचून जो विषय आपल्याला सांगता येत नाही, तो आपल्याला अजून नीट समजलेला नाही, हे ओळखावे.