हिमाची भरती-ओहोटी



मागच्या अंकात आम्ही गुडघे आणि जिने यांच्याविषयी लिहिलं होतं. ते वाचून आपल्या एका छोट्या वाचकाने विचारलं, "सिंगापुरात डोंगरच नाही, मग इथली माणसं एव्हरेस्टवर कशी चढली? आणि मे महिन्यात तिथलं बर्फ वितळत नाही का?" प्रश्न दोन असले तरी उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून या वेळी औषधगोळ्या बाजूला ठेवल्या आणि वसंतातल्या हिमाविषयी लिहायला घेतलं. आजी-आजोबांनी हा लेख नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवावा. मुलांची मराठी पण सुधारेल.

आधी पहिला प्रश्न. सिंगापूरचा सगळ्यात उंच डोंगर म्हणजे बुकित तिमा, उंची सुमारे १६३ मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दहापट. एव्हरेस्ट तर ८,८४८ मीटरच्या वर. बुकित तिमा एकावर एक चोपन्न वेळा ठेवला तर कुठे तिथवर पोहोचेल! तरीही २५ मे १९९८ रोजी सिंगापूरच्या पहिल्या मोहिमेतले एडविन स्यू आणि खू स्वी चियाव हे दोघे शेर्पा साथीदारांबरोबर शिखरावर उभे राहिले. दोघांचाही जन्म मलेशियातला. म्हणजे आपल्यासारखेच, एका देशात जन्मून दुसऱ्या देशाचं नाव लावणारे. त्यावरून तेव्हा वर्तमानपत्रांत थोडी चर्चाही झाली होती. या लोकांनी सराव कुठे केला? बुकित तिमावर, आणि उंच इमारतींच्या जिन्यांवर, पाठीवर जड पिशवी बांधून, पुन्हा पुन्हा वर-खाली. जिना हाच इथला डोंगर, बरं का.

त्याच वर्षी, एकच आठवडा आधी, १८ मे रोजी, आपल्या महाराष्ट्राचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने शिखरावर पोचले होते. एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे ते पहिले महाराष्ट्रीय.

आता पाहा, या सगळ्या तारखा मे महिन्यातल्याच. आपण पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून ओमेर मोजायला लागतो आणि शवुओतला थांबतो. एव्हरेस्टची वसंतातली चढाई बहुतेक वेळा याच सात आठवड्यांत बसते. सिंगापूरकर वर पोचले तो ओमेरचा ४४वा दिवस होता. हा अर्थात योगायोग. खरं कारण वाऱ्याचं आहे. हिवाळाभर एव्हरेस्टच्या माथ्यावरून आकाशातला एक प्रचंड वेगवान वारा वाहत असतो. विमानवाले त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. मे महिन्यात हा वारा उत्तरेकडे सरकतो, आणि जूनमध्ये आपला मान्सून तिथे येऊन ढिगाने हिम टाकायला लागतो. या दोघांच्या मधे थोडे दिवस शांत मिळतात. वर्षभराची तयारी या थोड्या दिवसांसाठी असते.

पण शांत दिवस मिळाले म्हणजे वाट चांगली मिळाली असं नाही. वसंतातलं हिम फार लहरी असतं. मुलांनो, एक प्रयोग करा. बर्फ किसून बशीत डोंगर करा, आइस कचांगसारखा. (मोठ्यांना सांगायचं तर मुंबईच्या गोळ्यासारखा, काडी नसलेला.) दहा मिनिटं बाहेर ठेवा. चमचा खाली रुततो, तळाशी पाणी साचतं. आता तीच बशी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी चमचा आपटलात तरी आत जाणार नाही, दगड झालेला असेल. डोंगरावर वसंतात दर चोवीस तासांत नेमकं हेच होतं. दिवसा ऊन लागून वरचा थर मऊ पडतो, रात्री थंडीने पुन्हा घट्ट गोठतो.

गोठलेल्या हिमावर बुटाखालचे लोखंडी दात, त्यांना क्रॅम्पॉन म्हणतात, कचकन रुततात आणि पाऊल पक्कं बसतं. तेच हिम दुपारी मऊ झालं की गुडघ्यापर्यंत पाय जातो. दातांमधे ओल्या हिमाचे गोळे अडकतात आणि बूट घसरायला लागतो. भेगांवरून हिमाचे नैसर्गिक पूल झालेले असतात. सकाळी ते माणसाचं वजन पेलतात, दुपारी भरवसा नाही. त्यात नुकतंच नवं हिम पडलेलं असलं तर आणखी धोका. खालचा जुना थर काचेसारखा कडक, वरचा नवा थर त्याला चिकटलेला नाही. शेवाळलेल्या खडकावर ओली चटई टाकावी तसं. एका धक्क्याने सगळी चटई खाली येते, तेच हिमस्खलन.

आमच्या पिढीला हे पटकन समजावं म्हणून अलिबागचा दाखला देतो. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटी असताना माणसं वाळूतून चालत जातात, घोडागाडीही जाते. भरती आली की तीच वाट पाण्याखाली. किल्ल्यात कितीही रमलात, फोटो काढायचे राहिले, कोणाचे पाय दुखले, तरी समुद्र थांबत नाही. वाट तुमच्या मर्जीने उघडत नाही आणि तुमच्यासाठी उघडी राहत नाही. हिमातली वाटसुद्धा अशीच. रात्रीची थंडी ही तिची ओहोटी, दुपारचं ऊन ही तिची भरती.

म्हणून एव्हरेस्टवर माणसं उलट्या घड्याळाने जगतात. तळछावणीच्या वर खुंबू आइसफॉल म्हणून बर्फाचा एक फुटलेला उतार आहे. तिथलं बर्फ दिवसाला जवळजवळ एक मीटर खाली सरकतं. घराएवढे तुकडे कधी कलंडतील सांगता येत नाही. तिथे दरवर्षी काही अनुभवी शेर्पा भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या टाकतात, दोर बांधतात, आणि काल केलेलं आज मोडलं की पुन्हा करतात. त्यांना 'आइसफॉल डॉक्टर' म्हणतात. आम्हाला हे नाव फार आवडलं. रोज पेशंटला तपासायचं, रोज ड्रेसिंग बदलायचं, आणि शाबासकी मात्र दुसऱ्याच कोणाला मिळायची! हा भाग काळोखात, उजाडायच्या आत पार करतात. त्याच्या वरच्या खोऱ्यात दुपारी चारी बाजूंच्या हिमावरून ऊन परत फिरतं आणि माणसं अक्षरशः घामाघूम होतात. शेवटची चढाई साउथ कोल या सुमारे ७,९०० मीटरवरच्या खिंडीतून रात्री सुरू करतात, म्हणजे सकाळी शिखर आणि दुपारच्या आत परत.

काळोखात आणि थंडीत गेलं की सगळं ठीक, असंही नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी सकाळी सातच्या आधीच वरून बर्फाचा मोठा कडा कोसळला आणि आइसफॉलमध्ये १६ नेपाळी कामगार गेले. ती माणसं दुसऱ्यांचं सामान वर नेत होती. शिखराच्या फोटोत ती दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम इथे लिहिलं. हिम कमी पडलं तरी पंचाईतच. २०२४ मध्ये हिवाळा कोरडा गेल्यामुळे आइसफॉलमध्ये वाट काढायलाच उशीर झाला.

आता मुद्द्याचं. वाट भरती-ओहोटीची असेल तर सगळ्यात मोठं कसब चढण्याचं नाही, परत फिरण्याचं आहे. १९९८ मध्ये सिंगापूरच्या तुकडीचा पहिला प्रयत्न मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. दक्षिण शिखरापर्यंत, म्हणजे माथ्याच्या जेमतेम शंभर मीटर खाली, पोचल्यावर कळलं की पुढच्या वाटेवर बांधायला दोर पुरेसा नाही. शिखर डोळ्यांसमोर, आणि तुकडी मागे वळली. खाली आली, विसावली, आणि २५ तारखेला पुन्हा जाऊन चढली. त्याच्या दोन वर्षं आधी, मे १९९६ मध्ये, स्वीडनचा गोरान क्रोप मांडीभर हिम तुडवत असाच शंभरेक मीटर अंतरावर पोचला होता. उशीर झालेला पाहून तो वळला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा गेला, तेव्हा शिखर मिळालं. त्याच महिन्यात १० तारखेला इतर काही जण ठरलेली वेळ टळून गेल्यावरही वर जात राहिले. संध्याकाळी वादळ आलं, आणि त्या रात्रीत व दुसऱ्या दिवशी आठ माणसं गेली.

शहाणी माणसंही असं का करतात? आम्ही नर्स, म्हणून हे आम्ही सांगू शकतो. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या एक तृतीयांश असतो. वॉर्डात असताना बोटाला लावलेल्या यंत्रावर आकडा नव्वदच्या खाली गेला की आम्ही डॉक्टरांना हाक मारायचो. २००७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या एका तुकडीने शिखरावरून उतरताना ८,४०० मीटरवर आपल्यातल्याच चौघांच्या मांडीच्या धमनीतून रक्त काढून तपासलं. ऑक्सिजनची सरासरी निघाली ५४ टक्क्यांच्या आसपास! इतक्या कमी ऑक्सिजनवर मेंदूला हिशोब जमत नाही. माणसाला वाटतं, आपण ठीक आहोत. म्हणून परत फिरायची वेळ खाली, डोकं शाबूत असताना ठरवायची आणि वर त्यावर वाद घालायचा नाही. मे २०२३ मध्ये सिंगापूरहून गेलेला एक गिर्यारोहक शिखर गाठल्यानंतर उतरताना बेपत्ता झाला. त्याच्या घरच्यांचं दुःख आपल्याही शेजारचंच. दोष कोणाला द्यायचा नाही, फक्त एवढं लक्षात ठेवायचं की शिखर म्हणजे अर्धी वाट. उरलेली अर्धी थकलेल्या पायांनी आणि मऊ झालेल्या हिमावरून उतरायची असते.

१९९८ च्या मोहिमेचे प्रमुख डेव्हिड लिम स्वतः शिखरावर गेले नाहीत. परत आल्यावर काही दिवसांतच त्यांना गियाँ-बारे नावाच्या आजाराने गाठलं. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि बहुधा पायांपासून अशक्तपणा वर चढत जातो. ते जवळजवळ सगळ्या अंगाने लुळे झाले आणि सहा महिने हॉस्पिटलात राहिले. पायांत कायमचं अधूपण राहिलं, तरी चालायला पुन्हा शिकून ते पुन्हा डोंगरांवर गेले. फिजिओथेरपीला कंटाळणाऱ्या आमच्या मित्रमैत्रिणींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मुलींसाठी पण एक गोष्ट आहे. २००९ मध्ये सिंगापूरच्या महिलांची तुकडी गेली. २० मे रोजी तिघी आणि २२ मे रोजी दोघी शिखरावर पोचल्या. आणि मधल्या दिवशी, २१ मे रोजी, कोण पोचलं ठाऊक आहे? आपल्या महाराष्ट्राची कृष्णा पाटील, वय अवघं १९! एकाच आठवड्यात, एकाच डोंगरावर, आपल्या दोन्ही गावांच्या मुली.

आता थोडं कामाचं. आपल्यापैकी कोणी सुट्टीत मुलांना घेऊन मनालीला जातं, कोणी इस्राएलमधल्या नातेवाइकांबरोबर हर्मोनवर. एव्हरेस्ट नसलं तरी हिमाचा स्वभाव तोच. म्हणून एवढं पाळा:

हिमात चालायचं तर सकाळी लवकर जा आणि दुपारी ऊन चढायच्या आत परत या. सकाळी ओलसर दिसणारी जागा काचेसारखी गोठलेली असू शकते, तिथे काठी आधी, पाय नंतर.

काळा चष्मा सगळ्यांना, मुलांनाही, ढग असले तरीही. ताजं हिम बहुतेक सगळं ऊन डोळ्यांत परत फेकतं. त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

बोटं बधिर होऊन पांढरी पडली तर हिमाने चोळू नका. जुन्या लोकांचा तो उपाय चुकीचा आहे, कातडी सोलवटते. आडोशाला जा, ओले मोजे बदला, कोमट पाण्यात बोटं धरा. शेकोटीवर किंवा हीटरवर धरू नका, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. बधिरपणा गेला नाही तर डॉक्टरांकडे जा.

उंचावर डोकं दुखून ओकारी होत असेल तर आणखी वर जाऊ नका. आराम पडला नाही तर खाली या. तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर थांबून वाट पाहू नका, लगेच उतरा. हृदयाचं किंवा दम्याचं औषध चालू असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणि निघण्यापूर्वी घरीच ठरवा, किती वाजता मागे वळायचं. ती वेळ सगळ्यांत लहान माणसाला सांगून ठेवा. मुलं विसरत नाहीत आणि भीडही धरत नाहीत.

आपल्या वयाच्या मंडळींना एकच सांगणं. सिनेगॉगच्या पायऱ्या असोत की बाजारातली फेरी, अर्ध्या वाटेवर दम लागला तर परत फिरण्यात कमीपणा नाही. सिंगापूरची तुकडी शंभर मीटरवरून परत फिरली होती. ती फिरली म्हणून तर आठवड्याभरात पुन्हा जाऊ शकली.

मुलांसाठी प्रश्न: पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन दहा मजले चढायला तुमच्या बाबांना किती मिनिटं लागतात? मोजा आणि कळवा. (बाबांचं ब्लडप्रेशर आधी तपासून घ्या!)

पुढच्या अंकात उन्हाळ्यातलं पाणी आणि मीठ. तोपर्यंत सांभाळून राहा. शालोम!