घाटावर की घाटाखाली?

बुलढाणा जिल्ह्यातून गेल्या पन्नास वर्षांत जी माणसे पोटापाण्यासाठी पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांकडे गेली, त्यांच्यापैकी काहींना आता परतीची ओढ लागली आहे. निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येते, शहरातील घर मुलांच्या संसाराला अपुरे पडू लागते आणि मग बुलढाणा, चिखली, खामगाव किंवा शेगाव येथे एखादा भूखंड पाहावा, असा विचार सुरू होतो. त्यांच्या जोडीला बदलीने येणारे शिक्षक, बँकांतील कर्मचारी आणि 2024 साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून येणारे वैद्यक क्षेत्रातील लोकही आहेत. या साऱ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: भाव काय? हा प्रश्न गैर नाही. पण तो पहिला असू नये.

या जिल्ह्याची खरी विभागणी सरकारी नकाशातील तेरा तालुक्यांची नाही. इथला माणूस ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोनच भाग जाणतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठाराचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्याकडचे. हवा, पाणी, माती आणि दळणवळण या चारही बाबतींत हे दोन भाग एकमेकांहून इतके भिन्न आहेत की ‘बुलढाणा जिल्ह्यात घर कसे पडेल?’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारा मध्यस्थ एक तर अडाणी असतो किंवा लबाड.

इंग्रजांनी बुलढाण्याला जिल्ह्याचे ठाणे केले त्यात तिथल्या थंड हवेचा वाटा मोठा होता. मलकापूर-शेगावची जमीन उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे भाजून निघत असताना बुलढाण्याची संध्याकाळ आजही सुसह्य असते. मात्र साहेबाने हवा पाहिली, रेल्वे पाहिली नाही. मुंबई-हावडा मार्ग घाटाखालून गेला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके त्यावर आली. कापसाच्या व्यापारासाठी जलंब-खामगाव हा फाटा 1870 मध्येच सुरू झाला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र अद्यापि रेल्वेविना आहे. खामगाव-जालना मार्गाची चर्चा शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तिच्या आधाराने भूखंड विकणाऱ्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. बुलढाण्याहून गाडी पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. उतारवयात मुलांकडे किंवा मोठ्या रुग्णालयात वारंवार जावे लागणाऱ्याने हा खर्च घराच्या किमतीत धरलाच पाहिजे.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पैनगंगा बुलढाण्याजवळच उगम पावते आणि तिच्यावरील येळगावच्या धरणातून शहराला पाणी मिळते. उगमाशेजारचे गाव तहानलेले कसे राहते, असे बाहेरच्या माणसाला वाटते. वस्तुतः उगमाजवळ असणे हेच संकटाचे कारण आहे. जलविभाजकावर वसलेल्या गावाच्या वर पाणलोट क्षेत्र थोडे असते. एक पावसाळा हुकला की साठा आटतो. खाली काळा कातळ असल्याने विंधन विहिरीचा भरवसा नाही. शेजारच्या भूखंडावर पाणी लागले म्हणून आपल्याही लागेल, असे या खडकात घडतेच असे नाही.

घाटाखाली गाळाची जमीन खोल आहे, पण पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाण पट्टा आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील अनेक गावांत भूगर्भातले पाणी क्षारयुक्त आहे आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी या भागातील कितीतरी कुटुंबे पोळली आहेत. वान प्रकल्पातून 140 गावांना पाणी देणारी योजना याच दुखण्यातून पुढे आली. 2025 च्या आरंभी शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे रेशनच्या गव्हातील सेलेनियमचे कारण डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मांडले. कारण कोणतेही असो, संशय आधी पाण्यावर जावा इतका अविश्वास लोकांच्या मनात मुरला आहे.

मातीचाही हिशेब आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घाईने उभारलेल्या घराच्या भिंती दोन-तीन पावसाळ्यांत तडकतात. मुरूम लागेपर्यंत पाया नेला तर भूखंडात वाचलेला पैसा पायात जातो. स्वस्त जमीन आणि स्वस्त घर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या भागातला जुना गवंडी न विचारता सांगतो.

आता भावाकडे यावे. छोट्या शहरात जमिनीचा भाव कशाने वाढतो? मालकाने तिथे काही पिकवले किंवा उभारले म्हणून नव्हे. रस्ता सरकार बांधते, महाविद्यालय सरकार काढते, नळ नगरपालिका आणते आणि त्यातून निर्माण झालेली मूल्यवाढ ज्याच्या नावावर सातबारा असतो त्याच्या खिशात जाते. रिकार्डोपासूनच्या अर्थशास्त्राला ही अनर्जित वाढ ठाऊक आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून गेला. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. रस्त्याकाठी नवनगरे वसवण्याच्या घोषणा झाल्या आणि नगर वसण्यापूर्वीच त्याचा भाव वसूल होऊ लागला. शेतीत तोटा सोसणाऱ्या जिल्ह्यात भरपाईचा आणि नोकरदारांचा पैसा पिकाऐवजी भूखंडात गेला, तर दोष एकट्या शेतकऱ्याला देता येणार नाही. 1976 चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा मोठ्या शहरांपुरताच होता. बुलढाण्यासारख्या गावांना तो कधी लागू झाला नाही आणि महाराष्ट्रात 2007 मध्ये तो रद्दच झाला. साठेबाजीवर इथे कधी लगाम नव्हताच.

या साठेबाजीचे सर्वांत हलके आणि सर्वांत घातक रूप म्हणजे गुंठेवारी. अकृषिक परवानगी न घेता शेताचे तुकडे पाडायचे, चुना टाकून रस्ते आखायचे, एकाच सातबाऱ्यावर दहा-वीस खरेदीदारांची सामाईक नावे चढवायची आणि बाजूला व्हायचे. पुढे बांधकामाची परवानगी मिळत नाही, बँक कर्ज देत नाही, चुन्याचा रस्ता कागदावर मूळ मालकाचाच राहतो आणि नगरपालिका गटार बांधण्यास नकार देते. 2025 मध्ये शासनाने नागरी भागातील अशा तुकड्यांना नियमित करण्याचे जाहीर केले. ज्यांनी आयुष्याची कमाई अडकवली त्यांना दिलासा हवा, हे खरेच; पण तुकडे पाडणाऱ्याकडून वस्तीच्या रस्त्यांचा आणि नळांचा खर्च वसूल केल्याखेरीज दिलेली माफी ही पुढच्या तुकड्यांसाठीची जाहिरात ठरते. घर घेणाऱ्याने अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन, फेरफार आणि मोठा प्रकल्प असेल तर 2017 पासून लागू झालेली महारेराची नोंदणी पाहिल्याविना इसार देऊ नये.

येथवर ज्याला निवड करता येते त्याचाच विचार झाला. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजारांच्या घरात होती आणि तीत शहरी वाटा जेमतेम एक पंचमांश. उरलेल्यांतील भूमिहीन मजूर शहराच्या कडेला येतो तेव्हा घाट, हवा वा स्थानक निवडत नाही. मिळेल तिथे पत्रे ठोकतो. रोजगार हमीचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. उदाहरणादाखल चौरस फुटाला हजार रुपये भाव धरला, तर 600 चौरस फुटांच्या तुकड्यासाठी सुमारे 1,920 दिवसांची सगळी मजुरी लागेल, तीही न खाता-पिता. वर्षाला शंभर दिवस काम मिळाले तर एकोणीस वर्षे! घरकुल योजनेतील एक लाख वीस हजार रुपये बांधकामासाठी असतात. ज्याच्या पायाखाली जागाच नाही त्याने ते कशावर बांधायचे? पूर्णेवरील जिगाव प्रकल्पात ज्यांची गावे जात आहेत त्यांचा प्रश्न तर आणखी विपरीत आहे. त्यांचे घर मोजून ठरवलेल्या दराने घेतले जाते आणि पर्यायी जमीन मात्र त्यांना चढत्या बाजारात शोधावी लागते.

दुसरीकडे रिकामी घरेही आहेत. 2011 च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली आणि पुढच्याच वर्षी सरकारी अभ्यासगटाने नागरी घरांचा तुटवडा 1 कोटी 88 लाखांच्या आसपास सांगितला. घर हे साठवणीचे भांडे झाले की असे होते. बुलढाणा-चिखलीतील बंद दारांची मोजदाद व्हावी, दीर्घकाळ रिकाम्या भूखंडांवर चढता कर बसावा आणि त्या उत्पन्नातून नगरपालिकांनी भाड्याची घरे बांधावीत. मजुरांसाठी आणि बदलीच्या कर्मचाऱ्यांसाठीही. खेड्यातील शाळेचा शिक्षक तालुक्याच्या गावी राहतो म्हणून त्याच्यावर टीका करणे सोपे आहे. त्या खेड्यात भाड्याने दोन खोल्या मिळतात का, हे कोणी पाहत नाही.

आणखी एक काम तर विनाखर्चाचे आहे. कोणत्या वस्तीत किती दिवसांआड पाणी सोडले याची महिन्यावार नोंद प्रत्येक नगरपालिकेने आपल्या दारावरील फलकावर लावावी. तो फलक लागेपर्यंत घर पाहायला येणाऱ्याने श्रावणात येऊ नये; मे महिन्यात, भर दुपारी यावे आणि मध्यस्थाला चहाच्या टपरीवर बसवून नळाशी हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला भाव विचारावा.