कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही. लेप्टो मात्र होतो

लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली, तर आधी शंका घ्यावी ती पार्व्होची. तो माणसाला होत नाही. लेप्टोचे तसे नाही. उंदरांच्या मूत्रातले जंतू चिखलातून, पायाच्या जखमेवाटे कुत्र्यात शिरतात, तसेच लावणी करणाऱ्यांतही. जुलै २०२१च्या पुरात सावित्रीचे पाणी महाडच्या घरांत शिरले, तेव्हा हा धोका दारातच होता. ताप आणि पोटऱ्या दुखणे अंगावर काढू नये.

माणसाची रक्ताची हगवण बहुधा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येते. शिगेला नाहीतर अमिबा. तेव्हा जुलाब थांबवणारी गोळी परस्पर घेणे घातक. ओआरएस देत दवाखाना गाठावा. महाड-पोलादपुरात पावसाळ्यापूर्वी कुत्र्यांना रेबीजसोबत पार्व्हो-लेप्टोची लसही गावातच मिळायला हवी.