पद्मिनी भाड्याने देऊ नका, तिचे फोटो विका

परवाचा व्हिडिओ आपण पोखर्णीला केला, नृसिंह मंदिराच्या रस्त्यावर, आपल्या एका प्रेक्षक दादांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीसोबत. परदेशात लोकांचा जीव जुन्या स्पोर्ट्स कारवर, आपला या कुर्ल्यात बनलेल्या गाडीवर. 1089 सीसी इंजिन, स्टेअरिंगलाच गिअरचा दांडा. पहिला गिअर सापडेपर्यंत मला घाम फुटला, पण खोटं कशाला बोलू, उतरावंसं वाटेना.

दादा लग्नाचे फोटो काढतात. त्यांचा विचार असा, की कर्ज काढून आणखी एक पद्मिनी घ्यायची आणि प्री-वेडिंगला भाड्याने द्यायची. माझं स्पष्ट मत, घेऊ नका! पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. पन्नास वर्षांवरची असेल तर 2021 च्या नियमांनुसार 20,000 रुपये भरून विंटेज नोंदणी होते, पण त्या गाडीवर धंदा करायला मनाई आहे. म्हणजे हप्ता चालू, कमाई बंद.

मग पैसा कुठंय? गाडीवाल्याकडेच. ज्याने गाडी जिवापाड जपली, त्याला तिचे चांगले फोटो हवेच असतात. फ्रेमला, कॅलेंडरला, विकायची झाली तर जाहिरातीला. आम्ही सकाळी सातलाच सुरू केलं, नंतर उन्हात क्रोमचा बंपर नुसता चमकतो. काळ्या मातीची धूळ सारखी पुसावी लागली. दारावर तर माझाच पांढरा शर्ट दिसत होता (गडद कपडे घाला!). कॅमेरा दादांकडे आहेच.

त्यांनी कर्जाचा फॉर्म अजून भरलेला नाही. रविवारी आम्ही परभणीत दुसऱ्या एका गाडीवाल्याला भेटतोय.