तळहाताएवढे रणांगण

लष्करी मिनिएचरच्या छंदाविषयी साहित्याच्या मंडळींसमोर बोलू लागलो की समोर एक क्षमाशील हसू उमटते, असा आमचा अनुभव आहे. प्रौढ माणसाने ५४ मिलिमीटर उंचीचा सैनिक भिंगाखाली धरून महिनोन् महिने रंगवत बसावे, यात कुणाला बालिशपणा दिसतो, तर कुणाला युद्धाची छुपी हौस. दोन्ही आक्षेप सर्वस्वी खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या छंदातला व्हिन्येट हा प्रकार मुळात कथनाचा प्रकार आहे आणि त्याची पारख कथनाच्याच निकषांनी व्हावी, एवढा आमचा आग्रह आहे.

डायोरामा म्हणजे रणांगणाचा विस्तृत तुकडा. व्हिन्येट त्याहून फार लहान. तळहाताएवढ्या लाकडी बैठकीवर दोन-तीन आकृत्या, थोडी जमीन आणि एकच क्षण. त्या क्षणाआधी काय घडले आणि नंतर काय घडणार, ते पाहणाऱ्याने ओळखायचे. कादंबरी आणि लघुकथा यांतील भेद शिकवताना आपण जे सांगतो, त्याहून हे फारसे वेगळे नाही.

या छंदाचा सर्वांत थोर नायक साहित्यातच सापडतो. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'तील अंकल टोबी १६९५ च्या नामूरच्या वेढ्यात जांघेत जखमी होतो. भेटीला येणाऱ्यांना ती जखम नेमकी कुठे, कशी झाली हे सांगताना तटबंदीच्या परिभाषेत त्याचा पुरता गोंधळ उडतो. म्हणून तो आधी नकाशा मागवतो, आणि मग ट्रिम या आपल्या सेवकाच्या मदतीने घरामागच्या हिरवळीवर चक्क किल्लेच बांधू लागतो. शब्दांना जे जमले नाही ते मातीने सांगण्याची ही धडपड आहे. त्याला हसणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की जखम खरी होती. (स्टर्नने याला 'लाकडी घोडा' म्हटले. इंग्रजीतला 'हॉबी' हा शब्द त्याच घोड्याचा उरलेला अर्धा भाग!)

परंतु टोबीच्या खेळाने त्याचे स्वतःचे काही बिघडले नाही. विल्यम सायबोर्नच्या खेळाने खुद्द त्याचेच बिघडले. या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडे १८३० साली वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती बनवण्याचे काम सोपवण्यात आले. रणांगणावरच्या ला ए सँत या शेतघरात आठ महिने मुक्काम करून त्याने भूमीचा चढ-उतार मोजला. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठवली: १८ जून १८१५ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कुठे होती, कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कोणता होता, शेतात पीक कोणते उभे होते? पीक कोणते, हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. असा प्रश्न एक तर कादंबरीकार विचारील, नाही तर प्रतिकृतीकार.

उत्तरे शेकड्यांनी आली. त्यांत परस्परविरोध होताच, पण एक गोष्ट निघाली ती अनेकांना नकोशी होती. त्या निर्णायक घटकेला प्रशियाचे सैन्य प्लाँसन्वा गावापाशी मोठ्या संख्येने लढत होते. सायबोर्नने त्यांना तिथे उभे केले. विजयाचे श्रेय असे वाटले जाणे वेलिंग्टनच्या वर्तुळाला रुचले नाही. सरकारने १८३३ मध्येच पैसा थांबवला होता. कर्ज काढून पुऱ्या केलेल्या या प्रतिकृतीचे प्रदर्शन १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये भरले आणि गर्दी लोटली, पण सायबोर्नच्या हाती फारसे काही लागले नाही. पुढे त्याने प्रशियाच्या बहुतेक आकृत्या स्वतःच उपटून काढल्या. आज ही प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सत्तर हजारांहून अधिक आकृत्या, त्यांतली कोणतीही बोटाच्या पेऱ्याहून लहान. आणि तरी त्यांतल्या काही 'कुठे उभ्या आहेत' यावरून एवढे रण माजले. खेळण्यांवरून कुणी इतके भांडत नाही. भांडण होते ते साक्षीवरून.

आता आमच्या टेबलाकडे वळतो. विषय १८१२ ची मॉस्कोहून माघार. प्रथम तीन आकृत्या होत्या: एक अधिकारी, एक पायदळ सैनिक आणि ढोल वाजवणारा एक पोर. अधिकाऱ्याच्या कोटाची बटणे आणि झालर यांवर आम्ही सहा आठवडे घालवले. तो उत्तम साधला, आणि सगळे चित्र त्यानेच मारले. तिघे छायाचित्रासाठी उभे असावेत असे दिसू लागले. हा या छंदाचा जुना रोग आहे. बटणांची संख्या आणि कॉलरची छटा यांवर वाद घालणारी मंडळी त्या कॉलरवरच्या चेहऱ्याकडे पाहायला विसरतात, आणि आम्हीही त्यांतलेच. समीक्षेतही तळटीपांनी गुदमरलेले लेख आपण वाचतोच. शिवाय या विषयात गणवेशाचे पुस्तक फारसे उपयोगी नाही. त्या थंडीत सैनिकांनी लुटीतल्या फरपासून बायकांच्या झग्यांपर्यंत मिळेल ते अंगावर घेतले होते. अधिकारी उचलून बाजूला ठेवला तेव्हा कुठे उरलेल्या दोघांत काहीतरी घडू लागले.

कामातली एक गोष्ट वाचकांना रुचेल म्हणून सांगतो. माणूस लहान करता येतो, प्रकाश लहान करता येत नाही. खोलीतला दिवा ५४ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर भुवईखालची सावली पाडत नाही, म्हणून ती सावली रंगानेच घालावी लागते आणि गालाच्या हाडावरचा उजेडही. डोळ्यांत शुभ्र पांढरा भरला तर आकृती भुताने झपाटल्यासारखी टक लावते. वास्तवाचा आभास हवा असेल तर वास्तवाची नक्कल पुरत नाही, हे वर्गात वर्षानुवर्षे घोकलेले वाक्य आम्हाला खऱ्या अर्थाने ब्रशच्या टोकावर समजले.

आणि दिवाळीतला अंगणातला किल्ला? तिथे महाराज दरवाजापेक्षा उंच, मावळे अळिवाच्या जंगलात कंबरेपर्यंत बुडालेले, आणि शेजारी एखादी प्लॅस्टिकची मोटार. प्रमाण सगळे चुकलेले, पण कोण महत्त्वाचा हे एका नजरेत कळते. त्या किल्ल्यांत पराभूत मात्र कधीच नसतो. मरून पडलेला, थकलेला, पळणारा मावळा आम्ही लहानपणी कधी विकत घेतला नाही, आणि तो बाजारात असल्याचेही आठवत नाही. युद्धाच्या हौसेचा आरोप आम्हाला लागू पडतो तो इथे.

सध्या बैठकीवर पोर बर्फात बसले आहे आणि सैनिक त्याच्यावर वाकला आहे. माघारीच्या आठवणी लिहिणाऱ्यांत, सार्जंट बूर्गोन्यपासून अनेकांत, दोन्ही प्रकारची माणसे भेटतात: पडलेल्याला उठवणारी आणि पडलेल्याचा कोट तो मरण्याआधीच उतरवणारी. सैनिकाचा तळवा वर वळला की तो हात देतो, खाली वळला की तो कोट ओढतो. तळव्याची लांबी पाच मिलिमीटरही नाही. मनगट गेले तीन आठवडे कच्च्या डिंकावर आहे, आणि रोज संध्याकाळी आम्ही ते एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून पाहतो.